खळ, नीळ आणि बाहुलीचे केस

धुतलेले कापड मऊ लागावे ही अपेक्षा आपल्याकडे फारशी जुनी नाही. कृष्णाकाठच्या गावांतून बलुतेदारीची वहिवाट चालू होती त्या काळी परटाच्या कसबाची परीक्षा होई ती कापड किती कडक झाले आहे यावरून. तांदळाच्या पेजेची खळ, पांढऱ्या वस्त्राला निळीचा हात आणि वर तापल्या इस्त्रीचा दाब असा त्रिविध संस्कार झालेल्या सदऱ्याच्या बाह्या अंगात घालताना चरचर आवाज करीत सुटाव्यात, यातच साताऱ्याच्या कचेरीतला कारकून आणि सांगलीच्या हळदपेठेतला अडत्या दोघेही आपली प्रतिष्ठा मानीत असत. मऊपणा हा धुण्यातून नव्हे, वापरातून येणारा गुण होता. नऊवारी लुगडे विरले म्हणजे त्याची दुपटी होत, दुपटी फाटली म्हणजे ती गोधडीच्या पोटात जात, आणि घरात बाळंतीण आली की नव्या कापडाचा कडकपणा अर्भकाला टोचू नये म्हणून शेजारणीकडून जुनेर मागून आणण्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे.

माण, आटपाडी आणि जत या दुष्काळी मुलखातील घोंगडी घ्यावी. मेंढरांच्या लोकरीचे सूत ताण्यावर चढवण्यापूर्वी सणगर त्याला चिंचोक्याची खळ देतो. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून केलेली ही चिकट लापशी सुताभोवती वाळते, उठलेले तंतू दाबून धरते आणि विणताना सूत तुटू देत नाही. म्हणूनच मागावरून उतरलेली नवी घोंगडी फळीसारखी ताठ असते आणि ती धनगराच्या खांद्यावर काही पावसाळे काढीपर्यंत अंगाला सुखद होत नाही. तेव्हा कापडाचा कडकपणा म्हणजे मळ नव्हे, आणि त्याचा मऊपणा म्हणजे स्वच्छता नव्हे. तंतू एकमेकांना किती घट्ट धरून बसले आहेत एवढाच प्रश्न दोन्हीकडे असतो. ही गोष्ट एकदा ध्यानात धरली म्हणजे घरच्या घरी कापड मऊ करण्याचे द्रावण आणि मुलीच्या बाहुलीच्या केसांचा गुंता हे वरकरणी असंबद्ध वाटणारे दोन विषय एकाच लेखात का यावेत, याचा उलगडा होतो. आज ज्या घरी सॉफ्टनरची बाटली आहे त्या घरी तिचा दुसरा उपयोग बाहुलीच्या केसांसाठी होतो तो योगायोगाने नव्हे.

प्रथम पाण्याचा विचार करू, कारण आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पाणी एकजिनसी नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेकडे सरकत गेले तर माण किंवा जत तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. वाईच्या घाटावरचे, माहुलीला वेण्णा मिळाल्यानंतरचे, कऱ्हाडला कोयनेने भर घातलेले कृष्णेचे पाणी आणि पूर्वभागातील खोल विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी यांत साबणाला ताबडतोब फरक कळतो. काळ्या कातळातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर घेते. पाऊस कमी, बाष्पीभवन अधिक आणि उपसा खोल, अशा ठिकाणी त्यांचे प्रमाण वाढत जाते. असे पाणी 'जड' म्हणून ओळखले जाते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि अन्य पाण्याची सोय नसल्यास ६०० मिलिग्रॅम अशी मुक्रर केली आहे. पिण्यास चालणारे पाणी धुण्यास सोयीचे असेलच असे नाही, हे या दोन आकड्यांमधील अंतरावरून समजावे.

साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम क्षार. जड पाण्यात तो गेला की त्यातील सोडियमची जागा कॅल्शियम घेतो आणि जो पदार्थ तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही. तो राखाडी, चिकट साका होऊन बादलीच्या कडेला बसतो, मोरीच्या फरशीवर बसतो आणि अर्थातच कापडाच्या धाग्यांतही बसतो. फेस येत नाही म्हणून अधिक साबण, अधिक साबण म्हणून अधिक साका, आणि साका निघावा म्हणून धुण्याचा सोडा, असे हे चक्र चालू राहते. सोडा कॅल्शियमला खाली बसवतो खरा. परंतु चांगले खळबळले नाही तर तो स्वतःच कापडात राहतो आणि वाळल्यावर कातडीला झोंबतो. आपल्या आज्या रेशमी वस्त्र आणि लोकर रिठ्यानेच धूत असत, त्यामागे केवळ जुना दस्तूर नव्हता. रिठ्यातील सॅपोनिन नावाचे फेसकारी द्रव्य कॅल्शियमबरोबर असा साका धरीत नाही आणि ते अल्कलीसारखे तीव्रही नसते. जतच्या विहिरीवर रिठा फेसाळतो तेथे वडी साबण हात टेकतो.

१९५९ साली सर्फ आणि १९६९ साली निरमा बाजारात आल्यावर हा प्रकार पुष्कळसा बदलला. या डिटर्जंटांतील क्रियाशील द्रव्य कॅल्शियमला साबणाइतके शरण जात नाही. साका कमी झाला, कपडे पांढरे निघू लागले. मऊपणाची तक्रार मात्र कमी न होता वाढली. लोकांनी याचा दोष पावडरीतल्या सोड्यावर टाकला, आणि ते काही अंशी बरोबरही होते. परंतु सोलापुरी टॉवेल निव्वळ स्वच्छ पाण्यात बुडवून, काहीही न लावता, गच्चीवर दोरीला टांगला तरी तो वाळल्यावर पापडासारखा कडक होतो, हे कोणालाही करून पाहता येईल. तेथे ना साबण असतो ना सोडा. मग कडकपणा येतो कोठून?

या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला फार काळ लागला. २०२० साली जपानमधील काओ ही कंपनी आणि होक्काइडो विद्यापीठ येथील संशोधकांनी सूक्ष्मदर्शी साधनांनी सुती तंतूंचा पृष्ठभाग तपासून असे दाखवले की, कापड वाळले असे आपण म्हणतो तेव्हाही तंतूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक अत्यंत पातळ थर धरून राहिलेला असतो आणि हे बांधलेले पाणी शेजारच्या तंतूला चिकटवून ठेवण्याचे काम करते. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ स्वभावतःच असल्याने हा सांधा तंतूगणिक, लक्षावधी ठिकाणी, तयार होतो. वाऱ्याने हलणाऱ्या दोरीवर टॉवेल कमी कडक होतो आणि निवाऱ्याला अगदी स्थिर टांगलेला अधिक, याचे कारण हेच: हालचालीत हे सांधे पुरते जुळण्याआधीच मोडतात. पिळलेला कपडा दोन्ही टोकांनी धरून जोराने झटकून मग वाळत घालावा आणि काढतानाही एकदा झटकून घडी करावी, ही जुन्या गृहिणींची शिस्त म्हणजे पैसा न लागणारा पहिला सॉफ्टनरच होय. पुढे सांगितलेल्या कोणत्याही द्रावणापेक्षा मी तिची शिफारस आधी करीन.

गिरण्यांच्या धंद्यात हा प्रश्न फार पूर्वी उद्भवला होता. रंगवून, धुऊन, विरंजन करून निघालेले सुती कापड हाताला खरखरीत लागे आणि गिऱ्हाईक ते नाकारी. एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून तयार केलेले, पाण्यात मिसळणारे 'टर्की रेड ऑइल' एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रंगकामात वापरात आले, आणि कापड हाताला मऊ लागावे म्हणूनही अशा तेलांचा उपयोग होऊ लागला. इचलकरंजी आणि विटे येथील मागवाल्यांना ताण्याला द्यायची खळ आणि नंतर ती काढून टाकण्याची यातायात हे दोन्ही व्यवहार पुरते परिचित आहेत: विणताना कडक, विकताना मऊ. तेल तंतूंच्या मधे शिरते, एकावरून दुसरा घसरू देते आणि पाण्याचा सांधा जुळू देत नाही. परंतु तेल कापडावर टिकत नाही, चिकटते, वास मारते, डाग पाडते. म्हणून कापडाला आपण होऊन चिकटेल आणि तरी चिकट वाटणार नाही असा मेद हवा होता.

तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडला. पाण्यात बुडालेल्या सुती तंतूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो. ज्या मेदयुक्त रेणूच्या एका टोकाला धन भार आहे असा रेणू त्या पाण्यात सोडला तर त्याचे डोके तंतूला जाऊन बिलगते आणि त्याची मेदाची लांब शेपटी बाहेर राहते. अशा रेणूंचा एक पदर बसला की तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. नत्रयुक्त धनभारी संयुगांच्या या वर्गाला चतुष्क अमोनियम संयुगे म्हणतात. बाजारातील सॉफ्टनरांत पुष्कळ वर्षे वापरले गेलेले असे द्रव्य जनावरांच्या चरबीपासून केले जाई, ही गोष्ट काटेकोर शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे वनस्पतिज तेलांपासूनही ते होऊ लागले. जुने द्रव्य नदीनाल्यांत लवकर कुजत नाही असे आढळल्यावर १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युरोपातील कारखानदारांनी ते सोडून अधिक लवकर विघटन पावणारी नवी संयुगे स्वीकारली.

या भौतिक कारणाने केसांचे कंडिशनर आणि कापडाचे सॉफ्टनर ही सख्खी भावंडे ठरतात. शाम्पूने धुतलेल्या केसांचा पृष्ठभागही ऋणभारी असतो आणि कंडिशनरमधील सेट्रिमोनियम क्लोराईड किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराईड, ज्यांची नावे बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत दिलेली असतात, हीच किमया तेथे करतात. त्यांच्या जोडीला सिटाईल अल्कोहोलसारखे मेदार्क आणि पुष्कळदा सिलिकोन असते. सबब जी मंडळी 'घरगुती सॉफ्टनर' म्हणून कंडिशनर, व्हिनेगर आणि पाणी यांचे मिश्रण सांगतात त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. 'घरगुती' या विशेषणाचा मात्र फार आब राखण्याचे कारण नाही. आपण कारखान्यात तयार झालेली एक बाटली दुसऱ्या कामासाठी पातळ करतो, इतकाच त्याचा अर्थ. लाभ आहे तो खर्चाचा आणि सुगंधाच्या मात्रेचा: कमी सुवासाचे कंडिशनर निवडले म्हणजे नाक चोंदवणारा दर्प टळतो.

कृती अशी. एक वाटी साधे, स्वस्त कंडिशनर तीन वाट्या कोमट पाण्यात पळीने हळू ढवळून विरघळवावे. गुठळी राहू देऊ नये, आणि फेस येईल असे घुसळू नये. मिश्रण निवल्यावर त्यात दीड वाटी पांढरे व्हिनेगर संथ धारेने घालावे आणि बाटलीत भरून ठेवावे. बाटली वापरण्यापूर्वी दर वेळी हलवावी, आणि पाण्याने पातळ झालेल्या कंडिशनरातील टिकवण द्रव्यही तितकेच क्षीण झालेले असल्याने मिश्रण महिनाभराच्या बेताचेच करावे. बादलीभर पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात. हे पाणी शेवटच्या खळबळीचे असले पाहिजे, यात हयगय चालत नाही. डिटर्जंटातील रेणू ऋणभारी आणि सॉफ्टनरमधील धनभारी. दोघे एकाच पाण्यात आले तर एकमेकांना धरून साका करतात, मग ना मळ निघतो ना मऊपणा येतो. कापड पाच मिनिटे बुडवून हलके पिळावे आणि वर सांगितल्याप्रमाणे झटकून वाळत घालावे.

व्हिनेगराचे काम यात दुय्यम आहे आणि त्याच्याविषयी फार अतिशयोक्ती चालते. बाजारी व्हिनेगरात शेकडा चारपाच भाग ॲसेटिक आम्ल असते. ते राहून गेलेल्या सोड्याचा अंश मारते आणि धाग्यांवर बसलेला चुन्याचा थर विरघळवते. जड पाण्याच्या गावी याचा उपयोग निश्चित आहे, महाबळेश्वरी किंवा पाटणच्या डोंगराळ भागात फारसा नाही. त्याचा वास कापड वाळताना उडून जातो. ज्यांना तो मुळीच सोसत नाही त्यांनी चिमूटभर लिंबूसत वापरावे. काही ठिकाणी व्हिनेगराबरोबर खाण्याचा सोडा घालण्यास सांगतात आणि उसळी मारणारा फेस पाहून बघणाऱ्याची खात्रीही पटते. परंतु आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करून तेथेच संपतात, आणि बाकी उरते ते किंचित खारट पाणी. हा शुद्ध अपव्यय होय. खरा धोका दुसरीकडे आहे. विहिरीत टाकण्यासाठी किंवा मोरी धुण्यासाठी घरोघरी आणलेली ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर यांचा संपर्क येता कामा नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. शिवाय धुण्याचा दगड जर शहाबादी किंवा कडप्पा असेल तर त्यावर हे द्रावण सांडू देऊ नये. दोन्ही चुनखडकच; आम्लाने त्यांची झिलई जाते.

टॉवेलांना आणि लंगोटांना सॉफ्टनर वारंवार देऊ नये, हेही सांगायला हवे. मेदाचा पदर चढला की कापड पाणी शोषीत नाही, आणि पाणी न शोषणारा टॉवेल मऊ असून काय कामाचा? अंग पुसायच्या कापडाला झटकणे पुरे. सॉफ्टनर द्यावा तो सिंथेटिक साड्यांना, मुलांच्या लोकरी स्वेटरांना, आणि माघ-फाल्गुनातील कोरड्या हवेत अंगाला चिकटून तडतडणाऱ्या परकरांना. ही तडतड स्थिर विजेची. सामान्य दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या शेकडा साडेआठ भाग, नायलॉन चार-साडेचार भाग आणि पॉलिएस्टर जेमतेम अर्धा भाग ओलावा धरून ठेवतो. ओलावा असेल तर भार वाहून जातो, नसेल तर साचतो. सॉफ्टनरचा पदर हवेतील बाष्प किंचित ओढून घेतो आणि साचलेल्या भाराला वाट करून देतो.

येथूनच बाहुलीकडे वळावयाचे, कारण तिच्या केसांचे दुखणे मुख्यतः याच जातीचे आहे.

कृत्रिम केसांची निगा ही या प्रांतात काही परकी विद्या नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला तेव्हापासून पुढे कित्येक दशके स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि त्यासाठी लागणारे टोप विंचरण्याचे, गुंता सोडवण्याचे काम कोणी ना कोणी करीतच असे. घरातील बायकाही खोपा भरदार दिसावा म्हणून गंगावन लावीत. ते मुळात वनगाईच्या शेपटीचे केस. आता बाजारात मिळते ते बहुधा नायलॉनचे. विंचरताना गळलेले केस गुंडाळून कोनाड्यात ठेवावे आणि केसांच्या मोबदल्यात फुगे किंवा भांडी देणारी बाई गल्लीत आली की तिला द्यावे, हा व्यवहार साताऱ्या-सांगलीच्या पेठांतून अद्याप अगदीच लुप्त झालेला नाही. मुलींच्या हातची बाहुली मात्र त्या काळी चिंध्यांची असे आणि तिचे केस काळ्या दोऱ्याचे. गुंता झाला की दोरा उसवून दुसरा घालीत. सोडवीत कोणी बसत नसे.

आजच्या बाहुलीची गोष्ट निराळी. १९५९ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात बार्बी प्रथम मांडली गेली तेव्हा तिच्या डोक्यावर सारान नावाच्या प्लॅस्टिकचे तंतू होते. हे द्रव्य १९३३ साली अमेरिकेतील डाउ केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत हाती लागले. नायलॉन त्यानंतरचा, १९३५ सालचा, ड्यू पॉन्ट कंपनीतील वॉलेस कॅरोदर्स यांच्या संशोधनाचे फळ. आता बाहुल्यांच्या डोक्यावर सारान, नायलॉन, कानेकालोन या जपानी नावाने ओळखले जाणारे ॲक्रिलिक जातीचे तंतू आणि स्वस्त मालात पॉलिप्रोपिलीन, असे चार प्रकार मुख्यतः दिसतात. जत्रेत घेतलेल्या बाहुलीचे केस पुष्कळदा या शेवटच्या जातीचे असतात, ते निर्जीव आणि ताठर लागतात, आणि त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये.

माणसाचा केस केराटिनाचा असून त्याच्यावर खवल्यांची रचना असते आणि मुळाशी असलेल्या ग्रंथी त्याला तेल पुरवतात. बाहुलीच्या केसाला खवले नाहीत, मूळ नाही, तेल नाही. तो आरंभी आपल्या केसापेक्षाही गुळगुळीत असतो. कारखान्यातून निघताना त्याच्यावर जे निसरडे लेपन असते ते खेळण्यात, धुळीत, मुलांच्या घामट हातांत लवकरच नाहीसे होते. मग स्थिर भाराने तंतू एकमेकांना दूर लोटतात, फिसकारतात, एकमेकांत शिरतात. उशीखाली दबून, गादीवर घासून त्यांना सूक्ष्म बाक पडतात, आणि एका तंतूचा बाक दुसऱ्याच्या बाकात अडकतो. प्लॅस्टिकला पडलेला बाक आपल्या केसाप्रमाणे नुसत्या पाण्याने जात नाही. म्हणून गुंत्यावर इलाज दोन, आणि त्यांचा क्रम मोडता येत नाही: आधी निसरडेपणा, मग उष्णता.

येथे मायाळू माणसांकडूनच नुकसान अधिक होते. नात रडत बाहुली घेऊन येते, आणि आजी जे हाताशी असेल ते, म्हणजे खोबरेल, लावते. आपल्या केसांत खोबरेल काही अंशी आत शिरते. सारानमध्ये वा नायलॉनमध्ये ते शिरत नाही, वर राहते, धूळ धरते आणि आठ दिवसांत केसांची वात होते. शिकेकाईची पूड गाळली तरी तिचे कण मुळांशी अडकून बसतात आणि सोनेरी केसांवर तपकिरी छटा सोडतात. रंग काढायच्या द्रवाने तर केसाबरोबर चेहऱ्याचा रंगही उतरतो. ही सारी द्रव्ये दूर ठेवून वर सांगितलेले सॉफ्टनरचे द्रावण घ्यावे.

आरंभी वाटीभर कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून केस धुवावे, कारण धुळीवर लेप चढवून काही साधत नाही. धुताना बाहुली डोके खाली, केस लोंबते, अशी धरावी. तोंडावरील रंग आणि मिटणारे डोळे पाण्यापासून वाचतात. केस टाळूतल्या बारीक छिद्रांतून ओवून आत गाठवलेले असतात, त्यामुळे डोके पाण्यात बुडवले तर पोकळीत पाणी शिरते, बाहेर निघत नाही आणि काही दिवसांनी आतून बुरशीचा वास येऊ लागतो. शाम्पू पूर्ण निघाल्यावर एका तांब्यात सॉफ्टनरचे दोन चमचे मिसळून त्यात फक्त केस पाव तास बुडवून ठेवावे. गाठी फार जुन्या असतील तर द्रावण पाणी न घालता तसेच बोटांनी गाठीत चोळून अर्धा-एक तास राहू द्यावे.

यानंतर फणी हाती घेऊ नये. फणीचे दाते जवळ असतात आणि ती उवांच्या कामाची. येथे विरळ दातांचा, शक्य तर धातूचा, कंगवा पाहिजे, कारण प्लॅस्टिकच्या केसांवर प्लॅस्टिकचा कंगवा पुन्हा भार निर्माण करतो. केसांच्या पाच-सहा बटा वेगळ्या करून ज्यांवर काम चालू नाही त्या रबरबँडने बांधून बाजूला साराव्या. एक बट डाव्या हाताच्या चिमटीत, गाठीच्या वर, घट्ट धरावी. ओढीचा ताण टाळूतील गाठीपर्यंत पोचू नये यासाठी ही चिमूट. मग अगदी टोकापासून बोटभर केस विंचरावे, ते मोकळे झाले की आणखी बोटभर वर, असे मुळाकडे जावे. वरून खाली ओढणारा माणूस सगळ्या गाठी एका गाठीत गोळा करतो आणि मग बाहुलीला टक्कल पडते. गाठ अडली तर सुईच्या टोकाने एकेक तंतू सोडवावा. या कामात घाई करणाऱ्याला कात्री आठवते, आणि कात्रीने कापलेले केस पुन्हा वाढत नाहीत ही गोष्ट मुलांना, का कोण जाणे, फार उशिरा पटते.

गुंता सुटला तरी केस पिंजारलेलेच दिसतील. आता उष्णतेची पाळी. प्रत्येक प्लॅस्टिकला एक तापमान असे असते की त्याखाली त्याचे रेणू जागच्या जागी गोठलेले आणि त्यावर ते हलू लागलेले असतात. कोरड्या नायलॉनच्या बाबतीत ते सुमारे ५० अंश सेल्सियस आहे आणि ओलाव्याने ते आणखी खाली येते. म्हणून न्हाणीघरातल्या कढत पाण्याहून थोडे अधिक, पण आधण नव्हे, असे पाणी सरळ विंचरलेल्या केसांवरून धारेने सोडले की बाक उलगडतात, आणि लगेच गार पाणी ओतले की केस त्याच सरळ स्थितीत गोठतात. कुरळे हवे असतील तर ओल्या बटा पेन्सिलीवर गुंडाळून, दोऱ्याने बांधून, तसेच कढत पाणी घालून पूर्ण निवू द्यावे. हे काम थोरांनीच करायचे. गोंदाने चिकटवलेला टोप असलेल्या बाहुलीवर गरम पाणी मुळीच घालू नये, आणि उष्ण हवेच्या यंत्राने वा इस्त्रीने केस वाळवू नयेत. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंशांना वितळते, पण त्याच्या कितीतरी आधी ते आखडते. शेवटी डोके बोटांनी दाबून आतले पाणी काढावे आणि बाहुली सावलीत उलटी टांगावी.

एवढे करून ज्या केसांची टोके जळून किंवा घासून गोळा झाली आहेत ती सुटत नाहीत. तेथे दोन मार्ग उरतात. टोके बोटभर छाटणे हा पहिला. दुसरा थोडा खटपटीचा, पण सुई-दोरा चालवणाऱ्याला अवघड नाही: कढत पाण्यात मानेचा भाग क्षणभर धरून मऊ करावा, डोके हलकेच उपसून घ्यावे, जुने केस आतून चिमट्याने काढावे आणि त्याच छिद्रांतून नवे ओवावे. सुईच्या नेढ्यात पाच-सात तंतूंची बारीक बट घालून ती मानेच्या पोकळीतून टाळूकडे काढायची आणि आतल्या टोकाला गाठ मारायची. नव्या केसांसाठी परदेशातून मागवण्याची गरज नाही. साताऱ्यातील खणआळीच्या दुकानांत बांगड्या-पिनांशेजारी टांगलेले नायलॉनचे एक गंगावन घेतले तर त्यात अशा पुष्कळ बाहुल्यांची सोय होते. फक्त विकत घेण्यापूर्वी त्याचा एक तंतू कढत पाण्यात धरून तो आखडत नाही ना, एवढी खातरजमा करून घ्यावी.